खानावळीची वही, मॉलचं मेनूकार्ड

गेल्या वर्षी आमची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करायची ठरली, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आईची वही सापडली. वाण्याकडे असते तशी लांबट, लाल कापडी बांधणीची. आईने १९६८ ते १९८२ अशी चौदा वर्षं लालबागच्या आमच्या दीड खोलीत खानावळ चालवली. वहीत शेवटच्या दोन वर्षांचा हिशेब आहे. एकोणीस जेवणाऱ्यांची नावं, प्रत्येकापुढे गिरणी, खातं, पाळी, महिन्याचे ११० रुपये आणि खाडे. माणूस ज्या वेळेला जेवायला आला नाही त्या वेळेला खानावळीत खाडा म्हणत, आणि तेवढे पैसे महिन्याच्या हिशेबातून वजा होत.

त्याच आठवड्यात मुलीने मला तिच्या ऑफिसजवळ जेवायला नेलं. तिचं ऑफिस लोअर परळच्या एका गिरणीच्या आवारात आहे. जिथे जेवलो ते एका साखळी उपाहारगृहाचं दुकान होतं. देशभर त्याच्या शाखा आहेत आणि सगळीकडे खुर्च्यांचा रंग एकच असतो. ताटाखाली घालतात त्या कागदावर मेनू छापलेला होता. तो मी घडी घालून खिशात टाकला. घरी येऊन वही आणि कागद शेजारी शेजारी ठेवले. मराठीचा मास्तर म्हणून हयातभर पुस्तकं वाचली आणि शिकवली. तेव्हा ही दोन्ही संहिताच आहेत असं समजून वाचायला काय हरकत आहे, असं वाटलं. पुढचा मजकूर त्या वाचनातून आलेला आहे. लिहायला बसलो तेव्हा मला शोकगीत लिहायचं होतं, हे आधीच कबूल करतो. वहीने ते लिहू दिलं नाही.

१

जुन्या कष्टकरी वस्तीत पैसेवाले येतात, घरांचे भाव चढतात, दुकानं बदलतात आणि मूळ माणसं हळूहळू बाहेर पडतात, या प्रक्रियेला समाजशास्त्रात ‘जेंट्रिफिकेशन’ म्हणतात. रूथ ग्लास या अभ्यासिकेने १९६४ साली लंडनबद्दल लिहिताना हा शब्द घडवला. मराठीत त्याला कोणी ‘अभिजनीकरण’ म्हणतं, कोणी ‘उच्चभ्रूकरण’. दोन्ही शब्द सेमिनारच्या बाहेर पडलेले मी ऐकले नाहीत. आमच्या चाळीत दोनच वाक्यं ऐकू येतात. घर विकून बदलापूरला गेलेला म्हणतो, ‘वस्ती बदलली.’ ज्याला टॉवरमध्ये घर मिळणार आहे तो म्हणतो, ‘वस्ती सुधारली.’ एकाच घटनेची ही दोन क्रियापदं आहेत आणि कोण कुठलं वापरतो यावरून त्याचं पुढे काय झालं ते कळतं.

ग्लासबाईंच्या लंडनमध्ये कामकऱ्यांच्या घरांत मध्यमवर्ग राहायला आला. म्हणजे माणसांच्या जागी माणसं आली. गिरणगावात क्रम वेगळा होता. इथे आधी काम गेलं, मग जमिनीचा उपयोग बदलला आणि घरांची पाळी सगळ्यात शेवटी आली. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे पागडीचे भाडेकरू चाळींमध्ये टिकून राहिले. म्हणून कित्येक वर्षं असं दृश्य होतं की भिंतीच्या आत मॉल, भिंतीच्या बाहेर चाळ, आणि मध्ये दीड माणूस जाईल एवढी फूटपाथ. लंडनचा शब्द इथे वापरताना हा फरक लक्षात ठेवला नाही, तर आरोपी चुकीचा पकडला जातो.

साखळी हॉटेलांबद्दल आपण जे बोलतो त्यात नेमकं तेच होतं. ‘मॉल आले आणि खानावळी गेल्या’ हे वाक्य मी स्वतः वर्गात अनेकदा उच्चारलेलं आहे. ते खरं नाही. खानावळ गिरणीच्या भोंग्यावर चालत होती. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. भोंगे थांबले, जेवणारे गावी गेले. आमच्या वहीत मार्च १९८२पासून खाडेच खाडे आहेत. मे महिन्यात नुसती नावं आहेत, पुढे काही नाही. गिरणीच्या आवारात झगमगाट सुरू झाला तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे मॉलने खानावळ मारली नाही. मॉल आला तेव्हा खानावळ मरून पंधरा-सोळा वर्षं झाली होती.

२

मधल्या काळात जे घडलं ते कागदावर घडलं, म्हणून ते कथा-कादंबऱ्यांत फारसं आलं नाही. मुंबईत ५८ कापड गिरण्या होत्या आणि त्यांच्याखाली सुमारे ६०० एकर जमीन. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या कलमाने या जमिनीचे साधारण तीन वाटे ठरवले: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ साली कलम बदललं आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची करायची असं ठरलं. गिरणीची इमारत पाडून जी जमीन निघेल ती वाटणीतून सुटली. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात २००५मध्ये निकाल मिळाला, पण मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम ग्राह्य धरला. त्याआधी २००५मध्येच मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे १७ एकर जमीन ७०२ कोटी रुपयांना विकली गेली होती.

या आकड्याचा जेवणाशी काय संबंध? थेट संबंध आहे. जमीन ज्या भावाने घेतली त्या भावाचं भाडं तिच्यातून निघावं लागतं, आणि ते भाडं कोण देऊ शकतो यावर तिथे काय शिजणार हे ठरतं. मॉलमधल्या जागेचं भाडं पुष्कळदा दोन भागांत असतं. विक्री होवो न होवो, द्यावी लागणारी किमान रक्कम हा एक भाग आणि विक्रीतला ठरलेला हिस्सा हा दुसरा. एखाद्या शाखेत वर्षभर तोटा झाला तरी साखळीला इतर शाखांवर तो झेलता येतो. एकट्या हॉटेलवाल्याला दोन पावसाळेही निघत नाहीत. शिवाय मॉल बांधणाऱ्यालाही कर्ज काढायचं असतं, आणि बँकेपुढे भाडेकरूंची यादी ठेवताना नाव असलेला भाडेकरू कामाला येतो. म्हणजे साखळीचं हॉटेल तिथे येतं त्यात गिऱ्हाइकाच्या आवडीइतकाच त्याच्या पतीचा भाग असतो.

पत हा शब्द लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

साखळीला आचारी कमी लागतो हेही खरं. रस्से, वाटणं, मळलेलं पीठ, मॅरिनेट केलेलं मांस शहराबाहेरच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातून येतं. शाखेत उरतं ते गरम करणं, जुळवणं आणि वाढणं. चव माणसाच्या हातात न ठेवता कार्डावर लिहून ठेवलेली असते, म्हणून आज नेमलेला मुलगा आठवड्याभरात तरबेज होतो आणि वर्षभरात सोडून गेला तरी कोणाचं अडत नाही. जॉर्ज रिट्झर यांनी १९९३च्या आपल्या पुस्तकात या कारभाराचे चार गुण सांगितले: कार्यक्षमता, मोजमाप, ठरावीकपणा आणि नियंत्रण. आजही या विषयावरची चर्चा तिथूनच सुरू होते.

पण रिट्झरचे चारही गुण मी आईच्या वहीला लावून पाहिले आणि चारही लागू पडले. पहिल्या पाळीचा डबा पहाटे साडेपाचला तयार नसला तर माणूस उपाशी कामावर जाई, म्हणून कार्यक्षमता होतीच. मोजमाप तर इतकं की अर्धी चपाती जादा घेतली तरी तिची नोंद आहे. बुधवारी-रविवारी मासळी, सोमवारी उसळ, वर्षानुवर्षं तेच. आणि जेवणाऱ्याला तेच हवं असे. रोज आश्चर्याचा धक्का देणारी खानावळ कुठल्याच कामगाराने दोन दिवस सहन केली नसती. ‘साखळीत सगळीकडे सारखंच मिळतं’ ही तक्रार, म्हणूनच, मला आता तितकी वजनदार वाटत नाही. सारखेपणा हा गरिबाच्या जेवणाचाही गुण होता. फरक कुठेतरी दुसरीकडे आहे.

३

मेनूचा कागद वाचायला घेतला. पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती विशेषणांची गर्दी. ‘घरगुती’, ‘गावरान’, ‘आजीच्या पद्धतीचं’, ‘पारंपरिक’. ज्या आवारात आज तो कागद छापून ताटाखाली घातला जातो, तिथे काम करणारी माणसं खरोखर घरगुती जेवण जेवत होती, पण आईच्या वहीत एकही विशेषण नाही. ‘आमटी’, ‘भात’, ‘बांगडा २’. विशेषण लागतं ते वस्तू दूर गेल्यावर.

दुसरी गोष्ट, या कागदावर रांधणारा कुठेच नाही. ‘आजी’ आहे, पण ती चित्रातली. आत प्रत्यक्ष तव्यावर उभा असलेला मुलगा झारखंडचा की रत्नागिरीचा, हे कागद सांगत नाही. सांगायची गरजही नाही असं कोणी म्हणेल. पण मग रांधणारी बाई आपल्या साहित्यात तरी कुठे आहे? गिरणगावावर आपल्याकडे चांगलं लिहिलं गेलं. नारायण सुर्व्यांची कविता आहे. १९९७ सालचं जयंत पवारांचं ‘अधांतर’ आहे, ज्यात संपानंतरचं धुरी कुटुंब एका खोलीत उसवत जातं. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी जमवलेला ‘कथा गिरणगावची’ हा मौखिक इतिहास आहे. जयंत पवारांच्या दोन कथासंग्रहांची नावंच पाहावी. ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’मध्ये फिनिक्स हा पक्षीही आहे आणि परळकरांना ठाऊक असलेली गिरणीही. ‘वरनभातलोन्चा नि कोन नाय कोन्चा’मध्ये पोरांच्या तोंडचं जेवणाचं गाणं एकदम अनाथपणावर येऊन थांबतं. जेवण आणि कुणी कुणाचं नसणं या दोन गोष्टी शेजारी ठेवण्यात त्या लेखकाने जे ओळखलं होतं, ते आम्हा अभ्यासकांना फार उशिरा सुचलं.

तरीही एकंदरीत गिरणगावाचं साहित्य पाटावर बसून लिहिलेलं आहे, चुलीपाशी बसून नाही. भाकरी आहे, भूक आहे. भाकरी थापणारी बाई बहुधा पाठमोरी आहे. मी माझ्या आईबद्दल एकदाही लिहिलं नाही, मग इतरांना काय बोलू? पहाटे साडेतीनला ती उठे. दुपारी दुसऱ्या पाळीचे डबे गेले की तासभर लवंडे. रातपाळीवाल्यांचं उरकून तिचं अंग जमिनीला लागेपर्यंत बारा वाजत. या कामाला काम म्हणून मान्यता मिळाली ती १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं तेव्हा. १९६९मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, लहान माणसाला कर्ज द्यायचं धोरण आलं होतं, पण खानावळवालीकडे तारण काय असणार? मंडळाने बायकांचे गट केले आणि एकीला दुसरी जामीन राहिली. आईने त्या कर्जातून वाण्याची उधारी फेडली आणि पितळी पातेली सोडवून आणली.

आता पत या शब्दाकडे येतो. आईला वाणी उधार देई, कारण तिच्याकडे एकोणीस जेवणारे होते. जेवणाऱ्यांना आई महिनाभर उधार जेवू घाली, कारण गिरणीत पगार होणार होता. ही उतरंड होती आणि तळाशी गिरणी होती. गिरणी थांबली तेव्हा वरची सगळी मडकी फुटली. वहीच्या शेवटी येणे बाकीची यादी आहे. आईने ती कधी खोडली नाही आणि कधी मागायलाही गेली नाही. साखळीच्या काउंटरवर उधारी नाही. तिथे पैसे आधी, ताट नंतर. पत आहे, पण ती हॉटेलाची बँकेकडे आहे. जेवणाऱ्याची हॉटेलाकडे नाही. मला वाटलं, सापडला फरक. खानावळीत माणसाला पत होती, साखळीत नाही. लेख इथे संपवता आला असता.

४

वही पुन्हा चाळताना सतराव्या नावापाशी अडलो. येणे बाकीच्या यादीत अठराच नावं आहेत. सतरावं नाही. मागची पानं पाहिली तर त्या नावापुढे दर महिन्याच्या एक तारखेला ‘आगाऊ जमा’ असं लिहिलेलं. खाडे नाहीत. जेवणाच्या रकान्यात दोन्ही वेळेला ‘डबा’. रविवारीही डबा. दिवाळीच्या दिवशी सगळ्यांसाठी पंगत मांडलेली, करंज्यांचा हिशेब वेगळा लिहिलेला. याच्यापुढे तेव्हाही ‘डबा’. इतर अठरा जणांपैकी बहुतेकांचं खातं ‘साचे’, म्हणजे विणकाम. याचं ‘रिंग’.

गिरणगावचा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला एवढं पुरे. विणकाम खात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्या निमित्ताने अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तिथे शिरू देत नसत, आणि पगार जास्त तो तिथेच. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. हे मी वर्गात शिकवत आलो. ते माझ्या घरच्या वहीत असेल असं मात्र मला कधी वाटलं नाही.

मावशी चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. खानावळीत ती आईच्या हाताखाली होती. तिच्याकडे गेलो आणि नाव वाचून दाखवलं. तिला तो माणूस लख्ख आठवत होता.

‘शांत होता गो बाई तो. जिन्याखाली उभा राहायचा. डबा नेऊन दिला की जायचा.’

‘वर येऊन बसायचा नाही?’

‘नाही. बसायचा नाही.’

‘मावशी, बसायचा नाही, की बसवायचं नाही?’

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘बाकीचे उठून गेले असते. अठरा जण गेले असते तर तुझ्या शाळेची फी कुठून आली असती?’

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. आई दुष्ट नव्हती, आणि मावशी म्हणते तो हिशेबही खोटा नव्हता. पण पंगतीतली पत गाव, तालुका आणि जात यांच्यावर उभी होती, हेही त्याच हिशेबात आहे. अठरा जण एकाच तालुक्यातले, तीन-चार आडनावांचे. ज्याचा बाप ओळखीचा, त्याला उधार. सतराव्याने आगाऊ पैसे दिले, डबा हातात घेतला आणि बाहेर नेऊन खाल्ला.

आधी पैसे, मग हातात पुडकं, मग बाहेर. आजच्या काउंटरचा हाच तर नियम आहे. आमच्या खानावळीने एका माणसाला जसं वागवलं, तसं साखळी आता सगळ्यांना वागवते. तिच्याकडे कोणी पंगतीतला नाही, म्हणून कोणी जिन्याखालचाही नाही. मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘बाबा, मला तिथे म्हणूनच बरं वाटतं. कोणी आडनाव विचारत नाही.’ तिच्या या बोलण्यात तथ्य आहे. साखळी हॉटेलवर टीका करणाऱ्या माझ्या पिढीने ते ऐकून घेतलं पाहिजे.

पण ती समता दारात संपते. ते मी दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास त्याच आवाराच्या मागच्या फाटकाशी उभा राहून पाहिलं. वडापावच्या गाडीभोवती ज्यांची गर्दी होती त्यांच्यात आदल्या दिवशी मला वाढणारा मुलगा होता, डोक्यावर तीच टोपी. सुरक्षारक्षक होते, डिलिव्हरीवाली पोरं होती, सफाईच्या बायका होत्या. आत आडनाव विचारत नाहीत, पण आतलं एक ताट यांच्या दिवसभराच्या कमाईत मोठं भोक पाडतं. आज रिंग खात्यात कोण आहे, हे त्या गाडीभोवती दिसतं. आणि ही माणसं ज्या वस्तीत कामाला येतात तिच्या वाटा अजून गिरणीच्या काळातल्या. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावरच्या चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरच्या मध्यरात्री, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबला आग लागून १४ जण गेले. एकीकडे कामावर येणारे, दुसरीकडे मौजेला आलेले. जमिनीचा भाव वाढला तेवढी वाट रुंद झाली नाही, हे दोन्हीकडे सारखं.

५

मग एखाद्या खाण्याच्या जागेची परीक्षा कशी करायची? ती जुनी की नवी, आपली की परकी, एकटी की साखळीतली, या प्रश्नांनी फार हाती लागत नाही. वडापावचीही साखळी निघाली, त्याला पंचवीस वर्षं होत आली. लालबागच्या चिवडा गल्लीत आजही दिवाळीला रांगा लागतात. ती एकटीदुकटी दुकानं टिकून आहेत, कारण त्यांचं गिऱ्हाईक गिरणीवर अवलंबून नव्हतं. मी आता तीन गोष्टी विचारतो. इथे कोणाला बसता येतं? रांधणाऱ्याला स्वतःचं रांधलेलं इथे बसून खाता येतं का? आणि महिनाअखेरीला खिसा रिकामा असलेल्या माणसाला इथे तोंड दाखवता येतं का? आईची खानावळ तिसऱ्या प्रश्नाला उतरते, पहिल्याला नापास होते. साखळी पहिल्याला अर्धी उतरते, उरलेल्या दोन्हींत नापास. दुसऱ्या प्रश्नाला आई काय म्हणाली असती ठाऊक नाही. सगळ्यांचं झाल्यावर ती पातेल्यातच भात कालवून खाई.

आमच्या नव्या इमारतीचा नकाशा आता सोसायटीच्या फळ्यावर लागलाय. तळमजल्यावर सहा गाळे दाखवलेत, त्यांतले दोन मोठे खाण्यापिण्याच्या धंद्यासाठी. कुठली साखळी येणार याच्या पैजा लागल्यात. पुनर्विकासाच्या संमतीवर माझीही सही आहे. ती करताना तळमजल्याचं कलम मी वाचलं नव्हतं, मी किती चौरस फूट मिळणार एवढंच पाहिलं होतं. मागच्या सभेत मी विचारलं, की एक गाळा वस्तीतल्या बायकांच्या गटाला स्वयंपाकघरासाठी ठेवता येईल का, जिथे सगळ्यांना बसता येईल असा. अध्यक्ष म्हणाले, ‘कल्पना छान आहे सर, पण भाडं कोण भरणार?’ काही जण हसले. प्रश्न मात्र रास्त होता, आणि १९७५ साली तो प्रेमाताईंनाही कोणी तरी विचारलाच असेल. त्यांच्याकडे त्याचं उत्तर होतं: एकीला दुसरी जामीन.

पुढच्या सभेला मी वही घेऊन जाणार आहे. येणे बाकीची यादी दाखवायला नव्हे. सतराव्या नावाचं पान दाखवायला. नव्या जागेत पुन्हा पंगत मांडायची असेल, तर आधी ते पान सगळ्यांनी वाचलेलं बरं.